वाचकांचे प्रश्न : लेकरू निस्तं काळंच काढते

प्रश्न : ताई नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या दिरानं मागच्या वर्षी जीव दिला. तेव्हापासून जाऊ कोणाशी धड बोलत नाही, रोजीनं जाते, घरी आली की भिंतीकडे पाहत बसते. तिचं पोरगं 9 वर्षांचं, ते वहीच्या मागच्या पानावर काळा पेन घासत राहते, पान फाटेपर्यंत. ट्रेनिंगमध्ये एका मॅडमनं आर्ट थेरपीचं सांगितलं, चित्र काढून, शिवून मन मोकळं होते म्हणे. मले ते पटतेही अन् नाहीही, कर्ज तर तसंच आहे ना. सासूबाई म्हणतात लेकराले काळं काढू देऊ नको, अपशकुन होते. काय करू?

उत्तर : ताई, आधी कर्जाचंच बोलते. चित्र काढून कर्ज फिटत नाही, सातबाऱ्यावरचा फेरफार होत नाही, निराधारचे पैसे सुरू होत नाहीत. ती कामं वेगळी आणि ती करायचीच, फक्त जावेला तहसीलमध्ये एकटीला पाठवू नका, कोणीतरी सोबत जा.

आता दुसरं. अशा घरात पहिल्या महिन्यात काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल, पोलीस येतात, तलाठी येतात, बँकवाले, पेपरवाले, नातेवाईक, सगळे तेच विचारतात, कधी झालं, कसं झालं, भांडण होतं का, किती कर्ज होतं. त्या बाईनं तेच दहा वेळा सांगितलेलं असतं आणि त्यातला एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर मदत अडेल ही भीती वेगळीच. त्यामुळे तोंडानं सांगायचं म्हटलं की तिला परत जबाब दिल्यासारखं वाटतं. हाताचं तसं नाही, हाताला कोणी जबाब विचारलेला नसतो, म्हणून तो आधी मोकळा होतो.

आर्ट थेरपी हा शब्दही दवाखान्यातल्या खाटेवरूनच आला. एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार टीबी झाला म्हणून सॅनिटोरियममध्ये पडून होते, पडल्या पडल्या चित्रं काढायला लागले, मग बाजूच्या पेशंटना शिकवायला लागले आणि 1942 मध्ये त्यांनी त्याला हे नाव दिलं. आणि चित्र चांगलं यावं लागत नाही बरं का. अमेरिकेत 2016 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात 39 मोठ्या माणसांना 45 मिनिटं रंग, माती, कागद देऊन बसवलं, तर साधारण चारातल्या तिघांच्या लाळेतलं टेन्शनचं हार्मोन कमी झालं, ज्यांना चित्र काढायची फारशी सवय नव्हती त्यांचंसुद्धा.

पोराचं म्हणाल तर काळ्याला घाबरू नका. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असा काही हिशोब नसतो, कदाचित त्याच्याकडे तोच एक पेन असेल. त्याला कोळसा द्या, हळद, गेरू, चुना, ओली माती द्या, पोळ्याला मातीचे बैल करतो तशी, आणि तुम्हीही बाजूला बसून आपलं काहीतरी काढा. हे काय काढलं, बाबा कुठं आहेत यात, असं विचारू नका. त्याला वाटलं तर तोच सांगेल, नाही सांगितलं तरी चालते. पान फाडलं तर फाडू द्या. आत जे घुसळतंय ते कागदावर आलं की त्याला ते समोर दिसतं, वही बंद करता येते, परत उघडता येते, एवढा ताबासुद्धा त्या लेकराला बऱ्याच दिवसांत मिळालेला नाही. सासूबाईंना सांगा, आतच दाबून ठेवलेलं जास्त वाईट.

जावेसाठी मला वाकळ सुचते. पण दिराच्या कपड्यांना हात लावायच्या आधी तिला विचारा, कात्री तिच्याच हातात असू द्या, नको म्हणाली तर कपडे पेटीत राहू द्या आणि जुन्या लुगड्यांची शिवा. चिलीमध्ये 1973 ला लष्कराची सत्ता आली, हजारो माणसं पकडून नेली, कित्येक परत आलीच नाहीत. त्यांच्या बाया सँटियागोत चर्चच्या आसऱ्यानं जमायच्या आणि गोणपाटावर चिंध्या शिवून आपली गोष्ट मांडायच्या, घर, रिकामी खुर्ची, तुरुंगाचं दार. काही जणी तर हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा लावायच्या. ते विकून चार पैसे यायचे, पण मला त्यातलं जमणं मोठं वाटतं, कारण तोवर प्रत्येकीला वाटत होतं हे माझ्या एकटीच्याच घरी झालं. तुमच्या गावातही अशी एकच बाई नसेल. दुपारी तिघी-चौघींनी एका ओसरीवर बसा. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नसेल, तर भुलाबाईच्या गाण्यांना तुम्ही हाताला धरून बसवा, आणि कोणी नाक मुरडलं तर तुम्ही सेविका आहात, तुमचा शब्द गावात चालतो, तिथं बोला.

एक नक्की पाहा. हे सगळं सोबत म्हणून आहे, खरी आर्ट थेरपी शिकलेला माणूस करतो आणि हे काही डॉक्टरच्या जागी नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, पोरगं शाळेत जायचं बंद झालं किंवा दोघांपैकी कोणी मरणाचं बोललं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. आणि घरातलं फवारणीचं औषध आजच दुसरीकडं कुलपात ठेवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात वडिलांनी असाच जीव दिलेली तीन मुलं आहेत. त्यांच्यासाठी चित्रकला स्पर्धा घेतली तर?

उत्तर : सर, स्पर्धा नको. नंबर आला की पोरगं सरांना आवडेल असंच काढतं, दोन डोंगर, मधून सूर्य. शनिवारी शेवटचा तास सगळ्या वर्गालाच द्या, त्या तिघांना वेगळं काढू नका. चित्रं भिंतीवर लावायची तर मुलाला विचारून, आणि ज्याला घरी न्यायचं नाही त्याचं चित्र तुमच्या कपाटात जपून ठेवा, तो कधीतरी मागायला येतो.