पहिली रात्र, भेटीचा दिवस आणि कार्यकर्त्यांची दमछाक
प्रतिपालक आई-वडील (दुसऱ्यांचं मूल काही काळ स्वतःच्या घरी सांभाळणारे) आणि बालकल्याण कार्यकर्ते यांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, कागदपत्रंही पूर्ण झाली. पुढच्या आठवड्यात सहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे राहायला येतोय. प्रशिक्षणात मानसशास्त्र बरंच सांगितलं, पण पहिल्या रात्री नेमकं काय करायचं ते कुणीच बोललं नाही.

पहिल्या रात्रीची निम्मी तयारी मूल येण्याआधीच करायची असते, आणि ती म्हणजे कार्यकर्त्याकडून माहिती मिळवणं. ती तोंडी घेऊ नका, लेखी मागा. मुलाला घरी काय नावाने हाक मारायचे? औषधं कोणती, किती, किती वाजता? कशाची अ‍ॅलर्जी आहे का? झोपताना दिवा लागतो का, बंद दाराची किंवा आंघोळीची भीती आहे का? भेटायची आणि फोन करायची परवानगी कुणाला आहे, कुणाला नाही? भावंडं कुठे आहेत आणि त्यांच्याशी बोलणं कधी होणार? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यायी संगोपनाविषयीच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही ती वेगळी झाली असतील, तर पहिल्या रात्री मूल हमखास त्यांच्याबद्दलच विचारतं आणि त्या वेळी तुमच्याकडे खरं उत्तर असायला हवं.

एक प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तो टाळू नका : मुलाचं लैंगिक शोषण झाल्याची माहिती किंवा शंका आहे का? आंघोळ कोण घालणार, मूल कुणाच्या खोलीत झोपणार, दार उघडं ठेवायचं की बंद, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. माहिती नसेल तर पहिल्या दिवसापासून साधा नियम ठेवा : प्रत्येकाचं अंथरूण वेगळं, आणि मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारायचं.

मूल आल्यावर पाचेक मिनिटांत घर दाखवा. संडास-बाथरूम, दिव्याची बटणं, पाणी कुठे मिळेल, तुम्ही कुठे झोपता आणि रात्री तुम्हाला कसं उठवायचं, एवढं पुरे. नियम तीनच सांगा, बाकीचे आठवडाभरात कळतात. मुलाची पिशवी तुम्ही उपसू नका. कपडे मळके असले तरी लगेच धुवायला टाकू नका, कारण ओळखीचा वास तेवढाच उरलेला असतो. आंघोळ एक दिवस लांबली तर काही बिघडत नाही. तुम्हाला काय म्हणायचं ते मुलाला ठरवू द्या, ‘आई-बाबा म्हण’ असा आग्रह नको. गादीवर ओलावा न झिरपणारं आवरण घाला आणि कोरडी चादर व कपडे कुठे आहेत ते झोपण्याआधीच सहज दाखवून ठेवा. मग अंथरूण ओलं झालंच तर मुलाला ते लपवावं लागत नाही.

रडू आलं तर रडू द्या. ‘रडू नकोस, इथे किती मजा आहे बघ’ हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात बोललं जातं. मुलाला त्यातून एवढंच कळतं, की आपलं दुःख इथे चालणार नाही. दाराशी जमिनीवर बसा आणि झोप लागेपर्यंत तिथेच आहात हे सांगा. सांगितलं, तर खरंच थांबा.

पहिला आठवडा पाहुणे नकोत, कौतुकसोहळे नकोत. डॉक्टरांकडून कान, डोळे, दात आणि लसीकरण तपासून घ्या. ऐकू कमी येणारं मूल अनेकदा ‘हट्टी’ ठरवलं जातं. आणखी एक. काही मुलं पहिले काही आठवडे फारच शहाण्यासारखी वागतात आणि मग अचानक तोडफोड, खोटं बोलणं सुरू होतं. अशा वेळी ‘आधी तर किती चांगला होता’ असं वाटतं. बऱ्याचदा त्या शहाणपणामागे भीती असते. जरा सुरक्षित वाटू लागल्यावरच मूल तपासून पाहतं, की आपण असे वागलो तरी ही माणसं आपल्याला ठेवतील का.

प्रश्न : आठ वर्षांची मुलगी चार महिन्यांपासून आमच्याकडे आहे. गादीखाली, दप्तरात, कपड्यांच्या घडीत खाण्याचे पदार्थ लपवते. पोटभर जेवते, तरीही. समजावलं, रागावलो, कपाटाला कुलूप लावलं. आता जास्तच लपवते.

कुलूप आजच काढा. पुढचं जेवण मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या घरात साठवून ठेवणं हेच शहाणपण होतं आणि ती सवय चार महिन्यांत जात नाही. कुलूप तिला सांगतं, की आपली शंका खरी होती.

तिच्या नावाचा झाकणाचा डबा ठेवा, तिच्या हाताला येईल असा. त्यात कोरडा, न नासणारा खाऊ असावा. रोज रात्री तिच्यासमोर तो भरायचा. रिकामा झाला असला तरी भरायचा आणि ‘एवढं संपवलंस?’ हे विचारायचं नाही. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, जागेपणी साधारण दर अडीच-तीन तासांनी काहीतरी. बाहेर पडताना छोटी पुडी सोबत असू द्या. आठवड्यातून एकदा मुंग्या होऊ नयेत म्हणून तिच्यासोबत खोली आवरा, पण हे काम झडतीसारखं वाटता कामा नये.

हा उपाय फसतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे घरातला एक जण डबा भरतो आणि दुसरा टोमणे मारतो. दुसरं, अभ्यास झाला नाही म्हणून डबा काढून घेतला जातो. डबा ना बक्षीस आहे, ना शिक्षा. तो एकदा जरी काढून घेतला, तरी आधीच्या कित्येक आठवड्यांची कमाई जाते. आधी लपवलेलं न खाता तसंच पडून राहू लागेल, मग लपवणं कमी होईल. याला काही महिने लागतात, काहींना वर्षही लागतं. उलटी होईपर्यंत खाणं, वजन घटणं किंवा माती-कागद-खडू खाणं दिसलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं लोह तपासून घ्या.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा पंधरा दिवसांतून एकदा जन्मदात्या आईला भेटतो. परत आला की दोन दिवस वस्तू फेकतो, झोपत नाही. भेटी बंद करा असं आम्ही कार्यकर्तीला सांगावं का?

लगेच नको. भेटीनंतर मूल बिथरलं म्हणजे भेट वाईट, हा निष्कर्ष फार जुना आणि बऱ्याचदा चुकीचा आहे. पूर्वी अनेक रुग्णालयं मुलं रडतात म्हणून पालकांना फारसं भेटूच देत नसत. ब्रिटिश संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली रुग्णालयातल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून दाखवलं, की ‘शांत झालेलं’ मूल आतून कोसळत चाललेलं असू शकतं. आधी आकांत, मग निराशा आणि मग अलिप्तपणा असा क्रम त्यांनी मांडला. मुलांना पालकांनी भेटण्यावरची बंधनं उठवावीत, अशी शिफारस ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने 1959 मध्ये केली. तुमचा मुलगा वस्तू फेकतोय याचा अर्थ तो अजून आकांताच्या पायरीवर आहे, आणि आईपासून दर पंधरा दिवसांनी नव्याने तुटण्याचं दुःख त्याच्या परीने सांगतो आहे.

पण कारण नेहमी दुःखच असेल असं नाही, भीतीही असू शकते. फरक ओळखायला नोंद ठेवा. भेटीआधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस झोप, खाणं, अंथरूण ओलं होणं, चिडणं, कोणते शब्द बोलला, हे तारखेनिशी लिहा. अशा किमान चार-पाच भेटींच्या नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. भेटीच्या आदल्या दिवशीच पोट दुखतं, तो लपून बसतो किंवा जायला ठाम नकार देतो, तर भीतीची शक्यता वाढते. अंगावर वळ, खुणा किंवा वयाला न शोभणारं लैंगिक वागणं दिसलं, तर पुढच्या नोंदींची वाट न पाहता त्याच दिवशी कार्यकर्तीला लेखी कळवा. भेटी थांबवायच्या की नाहीत हा निर्णय अधिकृत यंत्रणेचा आहे. त्या निर्णयात तुमच्या वहीचं वजन तुमच्या मतापेक्षा जास्त असतं.

तोवर भेटीचा दिवस सोपा करता येतो. पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगा, आठवडाभर आधी नको. एखादी छोटी वस्तू जाताना आणि येताना त्याच्या हातात असू द्या. परत आल्यावर ‘आई काय म्हणाली?’ ही चौकशी करू नका. आधी खायला द्या, मग धावायला-उड्या मारायला मोकळी जागा, आणि संध्याकाळी दुसरा कुठलाही कार्यक्रम नको. आई येणार की नाही याची तासभर आधी फोनवर खात्री करा आणि ती होईपर्यंत ‘नक्की येईल’ असं म्हणू नका. ‘तुला आईची आठवण येते आणि इथेही आवडतं, दोन्ही चालतं’ हे वाक्य एकदा सांगून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा कानावर पडावं लागतं.

प्रश्न : रात्री झोपताना मुलीने अचानक सांगितलं, की आधीच्या घरी कुणीतरी तिला ‘नको तिथे’ हात लावायचं. मी गोंधळले. काय बोलायला हवं होतं?

‘सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला मदत करू शकेल अशा माणसाला मी हे सांगणार आहे.’ इतकंच पुरतं. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. ‘अमक्यानेच केलं ना?’ असले प्रश्न विचारू नका, त्याने पुढचा तपास बिघडतो. ती जे शब्द वापरेल तेच शब्द, वेळेसह, लगेच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कळवा. संशयित माणसाला जाब विचारायला तुम्ही जाऊ नका.

प्रश्न : आमची संस्था प्रतिपालकांना प्रशिक्षण देते. लोक येतात, माना डोलावतात, अभिप्रायात ‘छान’ लिहितात आणि सहा महिन्यांनी निम्मी कुटुंबं ‘मूल परत घ्या’ म्हणतात. अभ्यासक्रम वाढवावा का?

तास वाढवून हे सुटणार नाही. मूल घरात येण्याआधी ऐकलेलं फारसं टिकत नाही, कारण तेव्हा ते कुणाच्या चेहऱ्याशी जोडलेलं नसतं. पूर्वतयारी आटोपशीर ठेवा आणि वाचलेला वेळ मूल आल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत घरभेटींना द्या. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या मेरी डोझियर यांनी प्रतिपालकांसाठी घडवलेली पद्धत पाहण्यासारखी आहे. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, तासभर, कुटुंबाच्या घरीच. मार्गदर्शक व्याख्यान देत बसत नाही. मूल पडलं, रडलं, खेळणं पुढे केलं आणि पालकाने प्रतिसाद दिला, की त्याच क्षणी तो बोलून दाखवतो : ‘ती रडली आणि तुम्ही लगेच जवळ घेतलंत.’ भर तीनच गोष्टींवर : मूल दूर ढकलत असलं तरी त्याला माया देणं, खेळात मुलाच्या कलाने जाणं आणि त्याला घाबरवेल असं वागणं टाळणं.

वर्गात शिकवायचंच असेल तर गट आठ ते बाराचा ठेवा. निम्मा वेळ सरावाला द्या, आणि तो नेमक्या वाक्यांचा. ‘सहानुभूती ठेवा’ याने काही होत नाही. ‘तू माझी आई नाहीस’ असं मूल ओरडल्यावर तुम्ही काय बोलाल ते मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्या खेपेला बहुतेक जण उपदेश करतात, तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाक्य छोटं होतं. नवरा-बायको दोघंही यायला हवीत, म्हणून मुलं सांभाळायची सोय प्रशिक्षणाच्या जागीच करा. एक सत्र तरी कार्यकर्ते आणि प्रतिपालक यांचं एकत्र घ्या, कारण ‘ते फोन उचलत नाहीत’ आणि ‘ते सांगत नाहीत’ या दोन्ही तक्रारी तिथेच समोरासमोर सुटतात. प्रतिपालक घरांत वाढून मोठे झालेले तरुण बोलवा, त्यांना मानधन द्या, पण आपबीती सांगायला लावू नका. तुमची उत्तरं तपासायला सांगा.

अभिप्रायाचे कागद फारसे उपयोगाचे नाहीत. सहा आठवड्यांनी फोन करून विचारा : कोणती गोष्ट करून पाहिली, कुठे अडली?

आणि निम्मी कुटुंबं मूल परत देत असतील, तर आम्ही आधी तुमचा मदतीचा फोन तपासू. रात्री अकराला स्वतः लावून बघा. विसाव्याची सोयही तशीच पारखा. पालकांना उसंत मिळावी म्हणून मूल दुसऱ्या घरी राहणार असेल, तर घर तेच, माणसं तीच आणि तारखा आधी ठरलेल्या हव्यात. मोठं भांडण झाल्यावरच मुलाला तिकडे पाठवलं, तर त्याला ती हकालपट्टी वाटते.

रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 नंतर अनाथालयातल्या 136 मुलांवर झालेल्या अभ्यासात कुटुंबांकडे सोपवलेली मुलं संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा बौद्धिक वाढीत पुढे गेली, विशेषतः दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेली. तिथल्या कुटुंबांच्या पाठीशी प्रशिक्षित समाजकार्यकर्ते सतत होते, हे तो निष्कर्ष सांगताना बहुतेक जण गाळतात.

प्रश्न : दोन वर्षांपासून बालसंरक्षणाचं काम करते. फायलींमधली दृश्यं डोळ्यांसमोर येतात, स्वतःच्या मुलाला नजरेआड होऊ देत नाही. वरिष्ठ म्हणतात, योगासनं करा.

योगासनांनी नुकसान नाही, पण ताण फायलींतून येतो आणि फायली वरिष्ठांच्या हातात आहेत. कामाचा थकवा वेगळा आणि दुसऱ्याच्या आघाताचा ताण वेगळा. थकवा सुटीने उतरतो. दृश्यं दिसणं, दचकणं, ठरावीक घरं किंवा फायली टाळणं, जगावरचा विश्वास उडणं, हे दुसऱ्या प्रकारात येतं आणि चार्ल्स फिगली यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1990 च्या दशकापासून ते नीट मांडलं आहे. महिन्याहून जास्त टिकलं तर आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. याला कमकुवतपणा म्हणू नका, ही कामातली इजा आहे.

वरिष्ठांकडे तीन गोष्टी लेखी मागा. एक, पंधरवड्यातून एकदा किमान तासभराची ठरलेली देखरेख-बैठक, ज्यात प्रकरणांसोबत ‘या कामाचा तुझ्यावर काय परिणाम होतोय’ हाही विषय असेल. दोन, गंभीर शोषणाची प्रकरणं एकाच माणसाकडे सलग येऊ नयेत. तीन, मुलाला घरातून हलवण्यासारख्या प्रसंगानंतर त्या दिवशी नवं प्रकरण नाही आणि घरी जायची मुभा. मात्र प्रसंगानंतर सगळ्यांना लगेच बसवून तपशील सांगायला लावण्याची सक्ती नको. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतोही. सहकाऱ्याशी बोलायचं असेल तर आधी विचारा, ‘अवघड आहे, आत्ता ऐकशील?’ आणि अंगावर येणारे तपशील वगळा.

प्रश्न : दीड वर्ष आमच्याकडे असलेली मुलगी महिन्याभरात आपल्या घरी परत जाणार आहे. कसं पाठवावं?

हळूहळू. आधी दिवसाची भेट, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. तिचं नेहमीचं वेळापत्रक, औषधं, आवडीनिवडी, झोपताना काय लागतं, हे सगळं तिच्या आईला लिहून द्या. शक्य असेल तर आईला एकदा तुमच्या घरी बोलवा, म्हणजे मुलीला दोन्ही घरं एकमेकांशी बोलताना दिसतील. फोटो, शाळेतली चित्रं, पडलेला दात, उंचीच्या खुणा यांची वही करा. कोण कधी कुठे राहत होतं ते त्यात साध्या वाक्यांत लिहा आणि सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण पहिली बऱ्याचदा हरवते. सामान चांगल्या बॅगेत भरा, कचऱ्याच्या पिशवीत कधीही नाही.

निरोप घ्या. ती झोपेत असताना किंवा शाळेतून परस्पर पाठवू नका. तुमचे डोळे भरून आले तर लपवू नका, पण तिने तुमची समजूत काढावी अशी वेळ आणू नका. आणि कार्यकर्त्यांसाठी : मुलगी गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या आठवड्यात या कुटुंबाला फोन करा. त्या फोनवर नव्या मुलाबद्दल विचारू नका.