बाँड, कोरा चेक आणि बंगळूरची नोकरी

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात व्हीएमसी मशीनवर (धातू कापून सुटे भाग बनवणारं संगणकीकृत यंत्र) कामाला लागून १३ महिने झाले. लागताना दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला. मध्येच सोडल्यास दीड लाख भरायचे. डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र आणि सही केलेला कोरा चेकही ठेवून घेतला. आता बंगळूरला पीण्या या औद्योगिक भागातल्या कंपनीत ३८ हजारांची नोकरी मिळतेय, दीड महिन्यात रुजू व्हायचंय. मालक म्हणतात, गेलास तर चेक टाकीन आणि पोलिसांत देईन. मित्र म्हणतो, गुपचूप निघून जा, कर्नाटकात कोण येतंय मागे. काय करू? बाईकही न्यायची आहे, तिच्यावर कर्ज आहे.

उत्तर : मित्राचा सल्ला तेवढा ऐकू नका. तुम्हाला भीती बाँडची वाटतेय, पण खरा धोका त्या चेकचा आहे, आणि पत्ता न ठेवता राज्य सोडलंत तर तो कितीतरी वाढतो.

आधी बाँड. तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवण्याचा आदेश कोणतंही न्यायालय देत नाही. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही अशी अट असेल, तर ती भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. मात्र ठरलेली मुदत पूर्ण करा, नाहीतर पैसे भरा, ही अट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. मालकाचा वकील हाच निकाल दाखवेल. पण तिथे सरकारी बँक होती. जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशी पूर्ण भरती पुन्हा करण्याचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला होता. गेटवर पाटी लावून माणसं घेणाऱ्या कारखान्याला तोच युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नाही.

शिवाय त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे दीड लाख ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. न्यायालय 'वाजवी भरपाई' देतं. म्हणून पहिला प्रश्न हा, की कारखान्याने तुमच्यावर खर्च काय केला? बाहेरच्या संस्थेत प्रोग्रॅमिंग शिकायला पाठवून फी भरली असेल आणि तिचं बिल असेल, तर त्यांची बाजू भक्कम आहे. शेजारच्या मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरने ऑफसेट कसा घ्यायचा (मशीनला हत्याराचं माप कसं द्यायचं) ते दाखवलं, एवढंच 'प्रशिक्षण' असेल, तर दीड लाख सिद्ध करणं त्यांना जड जाईल. २४ पैकी ११ महिने उरलेत. त्या प्रमाणात हिशोब केला तर ६८,७५० रुपये होतात. कायद्यात असं सूत्र लिहिलेलं नाही, पण वाटाघाटीला हा आकडा वरची हद्द म्हणून धरा आणि खर्चाची बिलं पाहून खाली या. बाँड साध्या कागदावर आहे, स्टॅम्प नाही, म्हणून तो रद्द, या समजात राहू नका. दंडासह मुद्रांक शुल्क भरून तो पुराव्यात आणता येतो.

आता चेक. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल, यात हयगय नको. कोऱ्या चेकवर सही तुमची असली की रक्कम दुसऱ्याच्या हाताने भरली, हा बचाव पुरत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीर सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं. चेक परत गेला की बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत त्यांनी तुम्हाला नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात त्यांनी तक्रार करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत होत नाही, थेट दंडाधिकाऱ्यांपुढे होते; आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून ती कारखान्याचं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातल्या न्यायालयात चालते. शाखा चाकणची असेल तर खेडच्या न्यायालयात, तुम्ही बंगळूरला असलात तरी. नोटीस शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर योग्य रीतीने पाठवली की ती मिळाली असं धरलं जातं. रिकाम्या खोलीवर नोटीस, मग समन्स, मग वॉरंट. गुपचूप गेलेल्याला हे कळतं तेव्हा वॉरंट अजामीनपात्र झालेलं असतं.

खातं बंद केल्याने किंवा स्टॉप पेमेंट (या चेकचे पैसे देऊ नका, अशी बँकेला सूचना) दिल्याने सुटका होते हेही खरं नाही. खातं बंद म्हणून परत आलेला चेकसुद्धा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ मध्ये, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात, येतो. स्टॉप पेमेंट द्या, पण कारण लेखी द्या, बँकेचा शिक्का असलेली प्रत ठेवा, आणि त्याच दिवशी कारखान्याला कळवा. चेकबुकाच्या अर्धुकावरून नंबर काढा. तेही नसेल तर बँक सांगेल कोणता चेक वापरला गेलेला नाही. पत्र साधारण असं :

'चेक क्र. …, … बँक, … शाखा, हा मी नोकरीला लागताना तारीख व रक्कम न लिहिता केवळ तारण म्हणून दिला होता. त्या चेकपोटी माझ्याकडून कोणतीही ठरलेली रक्कम येणे नाही. तो सात दिवसांत परत करावा. यापुढील पत्रव्यवहार खालील पत्त्यावर करावा.'

खाली आईवडिलांच्या घरचा पत्ता द्या, ईमेलही द्या. बंगळूरची खोली बदलत राहील, घरचा पत्ता नाही. घरच्यांना बजावून सांगा की पाकीट नाकारायचं नाही. घ्यायचं आणि लगेच फोटो पाठवायचा. बाँडची भरपाई न्यायालयाने ठरवेपर्यंत ते 'देणं' नसतं, हा तुमचा युक्तिवाद चांगला आहे. पण तो खटल्यात मांडावा लागेल. नोटीस आलीच, तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

राजीनामा आजच द्या. दीड महिन्यात नोटीस पिरियड बसतो की नाही ते नेमणूक पत्रात पाहा. कंपनीच्या ईमेलवर पाठवा, स्वतःच्या ईमेलला प्रत ठेवा, आणि छापील प्रत स्पीड पोस्टने पोहोचपावतीसह पाठवा. कारण एक ओळीत. 'बाँडची रक्कम मी देणे लागतो' असं एक अक्षरही त्यात नको. शेवटच्या दिवसापर्यंत हजेरी लावा. कामावरून पळाला असं लिहायला जागा देऊ नका.

मूळ प्रमाणपत्र अडवून ठेवायचा मालकाला काहीही हक्क नाही. लेखी मागणी करा, आठवडा द्या. न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, म्हणजे विश्वासघाताची, तक्रार करता येते. पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' असं ऐकायची तयारी ठेवा. म्हणूनच मागणीच्या पत्राची पोहोच हवी. दरम्यान तंत्रशिक्षण मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करून ठेवा.

तडजोड झाली तर पैसे रोख देऊ नका, बँकेतून पाठवा. चेक, प्रमाणपत्र, रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) आणि 'बाँडपोटी काही येणे नाही' अशी पावती एकाच बैठकीत हातात घ्या. 'चेक सापडत नाही' म्हणाले, तर चेकचा नंबर घालून तसं लेखी घ्या. शेवटचा पगार वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. बाँडची रक्कम त्यातून परस्पर कापता येत नाही. कापली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दावा करा. पीएफ काढू नका, तोच यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) नव्या कंपनीला द्या.

मालक दिवाणी दावा लावू शकतात, त्यासाठी तीन वर्षं मुदत आहे. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होईल, आणि तो अंमलासाठी बंगळूरच्या न्यायालयात पाठवता येतो. पगाराची जप्ती झाली तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. ३८ हजारांवर महिन्याला साधारण १२,३३३ रुपये जाऊ शकतात. 'कोण येतंय मागे' याचं उत्तर एवढं आहे.

नव्या कंपनीला बाँडबद्दल आधीच सांगा, आणि रिलीव्हिंग लेटर लांबलं तर राजीनाम्याची पोहोच चालेल का, ते ईमेलवर विचारून घ्या. बाँडची रक्कम त्यांनी भरली, तर बदल्यात नवा बाँड तर लिहून घेत नाहीत ना, ते वाचा.

बाईक : दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकाने ३० दिवसांतच आजीवन कर मागणारी दुरुस्ती केली होती, ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली. कायमचं राहायचं ठरलं, तर इथल्या आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत घ्यावी लागेल. त्यावर चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप लागते, आणि कर्ज असल्याने फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी लागते. तिथे नमुना २७ आणि कर भरून झाला, की इथे भरलेल्या कराचा उरलेला परतावा मागता येतो. पहिल्या वर्षी यातलं काही करू नका, नोकरी टिकते का पाहा. बाईक पुण्याहून रेल्वेने पाठवलीत (टाकी रिकामी करावी लागते), तर पार्सलची पावती आरसीबरोबर ठेवा. बारा महिने कधीपासून मोजायचे याचा तोच पुरावा.