वड यादीत नाही म्हणून तोडायचा काय?

प्रश्न : आमचं गाव पन्हाळा तालुक्यात. एसटी थांब्याला लागून आजोबांच्याही आधीचा वड आहे. परवा सकाळी बघतो तर बुंध्यावर लाल पट्टा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर सालीला गोल काप मारलेला, चीक अजून ओला होता. विचारलं तर म्हणे पंचायतीचा ठराव झालाय, तिथं शेड बांधायचंय, आणि एक मेंबर म्हणतो वड यादीतच नाही, कुणाची परवानगी लागत नाही. खरं का हे? आणि आमच्या बांधावरचा आंबा वाळलाय, तो तोडायला मात्र कागद लागतो म्हणतात!

उत्तर : मेंबरनी अर्धंच सांगितलं बघा. खेडेगावाला 1964 चा वृक्षतोड कायदा लागतो आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, चंदन अशी झाडं आहेत, वड-पिंपळ नाहीत. आता ज्या वडाला बायका दरवर्षी दोरा गुंडाळतात तोच यादीबाहेर, आम्हालाही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खटकलंच. शहरात तसं नसतं, तिथं 1975 चा वेगळा कायदा आहे आणि त्यात सगळीच झाडं येतात. म्हणजे पन्हाळगडावर नगरपरिषदेच्या हद्दीत वड असता तर परवानगी लागलीच असती, तुमच्या गावात ग्रामपंचायत आहे म्हणून ही पंचाईत.

पण यादीत नाही म्हणजे कुणीही कुऱ्हाड घालावी असं नाही हो. झाड कुणाच्या जागेत आहे ते आधी बघायचं. शेतातलं झाड शेतकऱ्याचं, हे जमीन महसूल संहितेच्या कलम 25 मध्येच आहे, पण थांब्याजवळची जागा गायरान असेल, रस्त्याची असेल तर ती सरकारी, आणि सरकारी जागेतलं झाड परवानगीशिवाय तोडलं तर कलम 27 खाली त्याची किंमत वसूल होते. म्हणून तलाठ्याकडनं गट नंबर आणि सातबारा काढा, ग्रामपंचायतीत ठरावाची नक्कल मागा, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. तहसीलदारांना अर्ज द्याल तो दोन प्रतींत, एका प्रतीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलू नका, शिक्का नसला की अर्ज कुठं गेला ते देवालाच ठाऊक. सालीच्या कापाचे फोटो आजच काढून ठेवा, तारीख दिसेल असे, कारण साल गोल उतरवली की झाड वाळतं आणि मग 'धोकादायक झाड' म्हणून तोडायला मोकळे, ही जुनी युक्ती आहे. आणि वर बगळ्यांची घरटी असतील तर तेही अर्जात लिहा, पक्ष्यांची घरटी-अंडी मोडणं वन्यजीव कायद्यात शिकारीतच धरलंय. करवत लागलीच तर 1926 ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाईन आहे.

आता आंबा. तो यादीत आहे, त्यामुळं वाळला तरी आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात अर्ज, सोबत सातबारा आणि झाडाचा फोटो. बांध सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती आधी लेखी घ्या, नाहीतर झाड राहील बाजूला आणि वाद सुरू होईल बांधावरनं.