लोक जपून ठेवतील असं व्हिजिटिंग कार्ड कसं बनवावं?

तुम्ही घरगुती उपकरणांची दुरुस्ती करता, कार्डं भरपूर वाटता, तरी कोणी ती ठेवत नाही, म्हणून डिझाइन बदलू का असं विचारलंय. आधी मागची बाजू बदला. मी छपाईच्या फायली तयार करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कार्डांची मागची बाजू कोरी असते, नाहीतर तिथे तोच लोगो मोठा करून टाकलेला असतो. फुकट जाते ती जागा.

नंबर फोनमध्ये सेव्ह होतो, त्यामुळे नुसत्या नंबरासाठी कार्ड कोण सांभाळणार? त्यावर आपली काही नोंद असेल तर मात्र माणूस ते टाकत नाही. म्हणून मागे चार ओळी आखा: मशीनचं मॉडेल, कोणता पार्ट बदलला, तारीख, वॉरंटी कधीपर्यंत. काम झालं की तिथेच पेनाने भरून द्या. रंगकाम करणाऱ्या एकाला मी खोलीनुसार शेडचा कोड लिहायला रकाने करून दिले होते. पुढे कधी टचअप करायचं निघालं की घरमालकाला तो कोड लागतोच, आणि फोन नंबर त्याच कार्डावर.

पण मग कागद बघून घ्यावा लागतो. ग्लॉस लॅमिनेशनवर बॉलपेन धड उमटत नाही, जेलची शाई बोटाला लागते. मॅटवरही फारसं बरं नाही. फक्त पुढून लॅमिनेशन केलं तर कार्ड वाकतं. सरळ 300 ते 350 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), कोटिंग नसलेला कागद घ्या. रंग जरा मंद दिसतील, दिसू देत.

काहीजण मागे मापपट्टी छापतात. छान कल्पना, पण शून्य कार्डाच्या कडेवर घेऊ नका. कटिंगला कड अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होते आणि पट्टी खोटी ठरते. शून्याची रेघ चार मिलिमीटर आत घ्या.

आकाराचे प्रयोग नकोत. बँकेचं कार्ड 85.60 बाय 53.98 मिलिमीटरचं असतं, पाकिटाचे कप्पे त्याच हिशोबाचे. गोल कार्डाचं हातात घेताना कौतुक होतं, एवढंच.

क्यूआर कोड टाकायचाच तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा. त्यात नाव, पत्ता, ईमेल सगळं कोंबलं की चौकोन बारीक होतात आणि स्कॅन अडतं. फुकटात बनवलेला कोड आधी तपासा. काही कोड त्या सेवेच्या लिंकवरून फिरून जातात, ती लिंक बंद झाली की छापलेला सगळा गठ्ठा रद्दी.

छपाईला देण्याआधी खऱ्या मापात एक प्रिंट काढा, ‘फिट टू पेज’ बंद ठेवून, आणि रोजच्या पेनाने रकाने भरून बघा. ओळीची उंची आठ मिलिमीटर तरी ठेवा, नाहीतर उकार आणि वेलांट्या एकमेकांत घुसतात.