दोन लेकरं, दोन शाळा

प्रिय बेटा,

तुझा तो लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला. उत्तर मोबाइलवर टाइप करायला घेतलं तर चार ओळीतच अंगठा दुखायला लागला, म्हणून आता निवांत कॉम्प्युटरवर बसून लिहिते आहे. वर्गात तू पाढे चुकलीस की जशी ओरडायची तशी मधेमधे ओरडेन, मनावर घेऊ नको.

तर प्रश्न असा की मुलगी पाचवीत, तिच्या मोठ्या सीबीएसई शाळेत मजेत आहे, आणि मुलगा त्याच शाळेत दुसरीत, रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडतो. तुला त्याला प्रताप नगरकडच्या त्या छोट्या सेमी-इंग्लिश शाळेत टाकायचंय. सासूबाई म्हणतात एका पोटच्या लेकरांत भेदभाव करून राहिली का. नवरा म्हणतो मग दोघांनाही काढू, म्हणजे कोणी बोलायला नको.

आधी नवऱ्याचं घेते. मुलीला काऊन काढायचं बापा? तिचं काय बिघडलंय तिथे? तिच्या मैत्रिणी आहेत, बॅडमिंटन आहे. भावासाठी तिची शाळा गेली हे ती आज बोलणार नाही पण विसरणारही नाही. एकाला चष्मा लागला म्हणून दुसऱ्यालाही घालतो का आपण?

आता मुलाचं. तू जे लिहिलंस त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू, ते पोट दुखणं नाही. तू जाता जाता लिहिलंस की तो आपल्या नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एकही स्टेशन न चुकता म्हणतो, तोंडी हिशोब बहिणीच्या आधी करतो, पण 21 ला 12 लिहितो आणि इंग्रजी वाचायला बसला की दुसऱ्या ओळीवरून थेट चौथीवर जातो. हे पोरगं ढ नाही ग. तीस वर्षं पोट्टे शिकवले मी, ढ आणि हे यातला फरक मला सुरुवातीची दहा वर्षं कळला नव्हता, तेवढ्या वर्षांत किती जणांना बाकावर उभं केलं असेल देव जाणे.

पण मी मॅडम आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे नाव मी देणार नाही आणि तूही गूगल करून देऊ नको. आधी डोळे आणि कान तपासून घे, खरंच, हे सगळे विसरतात. मग पंधरा दिवस एक वही ठेव, त्यात रोज दोन ओळी, कोणता अभ्यास, किती वेळ लागला, कुठे अडला, कशात रमला. शाळेत आणि समुपदेशकाकडे ही वही तुझ्या रडण्यापेक्षा जास्त कामाची पडेल. लर्निंग डिसॅबिलिटीचं, म्हणजे वाचन-लेखन-गणितात अडण्याचं, सरकारी सर्टिफिकेट वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, पुढे 14 आणि 18 व्या वर्षी परत तपासणी असते, त्यात आधी बुद्ध्यांकाची चाचणी आणि मग निम्हान्सची बॅटरी म्हणतात ती, म्हणजे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेला वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्यांचा संच, असते. तुझा साडेसातचा आहे म्हणजे कागदाला वेळ आहे, पण मदतीला कागद लागत नाही, ती उद्यापासून सुरू कर. (एक गंमत सांगते, व्हाइनलँड नावाची मुलांची जी एक जुनी अमेरिकन चाचणी आहे तिचं आपल्या देशात वापरतात ते रूप मॅलिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी केलेलं आणि त्याचं नावच नागपूर अडॅप्टेशन आहे. आपण संत्र्याच्याच गोष्टी सांगत बसतो.)

आणि शाळेने घाबरवलं तर घाबरू नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात हे वाचन-लेखनाचं अडणंही धरलंय. पुढे कागद असला तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक, गणितात अडचण असेल तर कॅल्क्युलेटर हे सगळं मिळतं. ते फार पुढचं आहे पण रात्री झोप यावी म्हणून सांगून ठेवते.

सेमी-इंग्लिशची तुझी कल्पना मला पटली, आणि त्याचं कारण तू लिहिलंस ते नाही. तू लिहिलंस तिथे प्रेशर कमी असतं. असेलही, नसेलही, मराठी शाळांतही छड्या खाल्लेत लोकांनी. माझं कारण लिपीचं आहे. आपलं नागपूरचं पोरगं घरी मराठी, मैदानात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतं. बोलायला त्याला तिन्ही जमतात, गंमत म्हणून एका वाक्यात तिन्ही टाकतं. अडतं ते वाचताना. मराठी हिंदीची लिपी एकच, म्हणजे देवनागरी एकदा हाताला बसली की दोन विषय सुटले, आणि जे अक्षर दिसतं तेच बहुतेक वाचायचं असतं, इंग्रजीसारखं लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच असं नाही. गणित विज्ञान इंग्रजीतून राहतंच. जोडाक्षरं आणि वेलांट्या त्याला छळतील, ते धरून चाल. पण घरात आजी जी भाषा बोलते त्याच भाषेत धडा असला तर निदान धडा काय म्हणतो हे तरी त्याला कळेल.

शाळा बघायला जाशील तेव्हा ऑफिसात बसून चहा पिऊन येऊ नको. सुटायच्या वेळेला गेटवर उभी राहा अर्धा तास. पोरं कशी बाहेर येतात, शिक्षक नावाने हाक मारतात की ए निळ्या दप्तरवाल्या म्हणतात, ते बघ. वर्गात मुलं किती ते मोज, शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक असा हिशोब आहे, विचारायला लाजायचं नाही. आणि एकच प्रश्न विचार, फळ्यावरचं उतरवून घेणं ज्याला जमत नाही त्या मुलाचं तुम्ही काय करता? "आमच्याकडे असं मूल नाही" म्हणाले तर नमस्कार करून निघ. स्पेशल एज्युकेटर आहे म्हणाले तर कोणत्या दिवशी येतात ते विचार, कधीकधी ते नाव फक्त बोर्डावरच असतं. स्मार्ट बोर्ड, एसी बस याकडे बघूही नको.

आता व्यवहार, कारण दोन शाळांमध्ये खरा जीव जातो तो इथे. मनीष नगरातून एक बस सकाळी पावणेसातला आणि दुसरी व्हॅन साडेदहाला, म्हणजे दोन डबे, दोन वेळा, दोन ड्रेस, आणि तुझी नोकरी. एप्रिलमध्ये तर गंमतच, मुलीचं नवीन वर्ष सुरू झालेलं असेल आणि मुलाची जुन्या वर्षाची परीक्षा चालू असेल. राज्य बोर्डाच्या शाळा आपल्याकडे उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे सुट्ट्यांचंही जुळणार नाही. तान्ह्या पोळ्याला याला सुट्टी आणि तिचा युनिट टेस्ट, असंही होईल. हे तुझ्या एकटीच्या अंगावर घेऊ नको. कोण कोणाला सोडणार, कोण आणणार, ताप आला तर कोण रजा टाकणार, हे नवऱ्यासोबत कागदावर लिही, अॅडमिशनच्या आधी. त्याला जर हे जमणार नसेल तर ते आताच कळू दे, जुलैत पावसात व्हॅन चुकली की कळून काय उपयोग.

आणि आता जे लिहायला मी हे पत्र घेतलं ते. भेदभाव शाळा वेगळी असल्याने होत नाही बेटा, सासूबाईंना तेवढं सांग. कुठे होतो ते मला माहीत आहे कारण तो मी केलाय. माझ्या दोघांपैकी मोठा नावाजलेल्या शाळेत होता, धाकट्याला चौथीनंतर महालातल्या एका छोट्या शाळेत टाकलं. निर्णय बरोबर होता, तो तिथे फुलला, आजही त्याचे मित्र तिथलेच आहेत. पण लग्नाकार्यात कोणी विचारलं पोरं कुठे असतात, की मी मोठ्याच्या शाळेचं नाव ठणठणीत सांगायची आणि धाकट्याचं "तो इकडेच, जवळच जातो" असं. मला हे जाणवलंही नव्हतं. तो इंजिनिअरिंगला गेल्यावर एकदा जेवता जेवता सहज म्हणाला, आई, माझ्या शाळेचं नाव घेताना तुझा आवाज बारीक व्हायचा. रागाने नाही म्हणाला. पोळी मागावी तसं म्हणाला. मी त्या दिवशी ताटावरून उठले ते परत बसलेच नाही.

म्हणून सांगते, दोन्ही शाळांचं नाव एकाच आवाजात घेता येईपर्यंत सराव कर, आरशासमोर कर हवं तर. दोघांच्या गॅदरिंगला दोघं जा. मुलीला सांगताना "त्याला तिथे जमत नव्हतं ना" असं नको, "त्याची शिकायची पद्धत वेगळी आहे, त्याला तिथे बरं वाटेल" एवढं बस. आणि त्याला घरी शिकवायचं काम तिच्यावर टाकू नको, आपण पटकन टाकतो, मोठी आहे, हुशार आहे म्हणून. ती गुपचूप करेल आणि मनात धरून ठेवेल. हुशार पोरीला काही लागत नाही असं कोणी सांगितलं? परवा तुझ्या मेसेजमध्ये तिच्यावर पाच ओळी होत्या आणि त्याच्यावर चाळीस, मी मोजल्या.

त्याला विचारलंस का ग? शाळा दाखवायला घेऊन जा, एक दिवस बसू दे वर्गात, बऱ्याच शाळा हो म्हणतात. नाही म्हणाला तर लगेच निर्णय बदलू नको, पण का नाही ते ऐक, बहुतेक मित्राचं कारण असेल.

येत्या रविवारी दोघांना घेऊन ये. त्याची मराठीची आणि गणिताची वही आण, फेअर केलेली नको, रोजचीच. तिची रॅकेट आण, आमच्या गच्चीत जागा आहे. दहाच्या आत ये, नंतर ऊन फार होतं. तर्री पोहे करते, तर्री वेगळी काढून ठेवेन पोरांसाठी.

तुझ्या मॅडम