तवकीर कडू का झाली?

प्रश्न : बस्तरहून तिखुराचे (हळदीच्या कुळातली एक रानवनस्पती) २ किलो कंद आले होते. किसून, पाण्यात कोळून, गाळून तवकीर, म्हणजे कंदातल्या स्टार्चची पिठी, केली. पाणी एकदाच बदललं. पिठी पिवळसर आणि कडवट झाली, भरली जेमतेम २०० ग्रॅम. काय चुकलं? आठ महिन्यांच्या बाळाला ती देऊ का?

उत्तर : वजनाची काळजी नको, कंदाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच तवकीर निघते. कडवटपणा मात्र अपुऱ्या धुण्याचा. पिठी जड, ती तळाशी बसते. रंग आणि कडूपणा बराचसा पाण्यात उतरतो. ते पाणी वारंवार ओतलं नाही, तर दोन्ही पिठीतच वाळतात.

हीच पिठी अजून सुधारता येईल. भरपूर गार पाण्यात कालवून मलमलीतून गाळा आणि हलवू न देता ठेवा. सहा-सात तासांनी वरचं पाणी हळूच ओता. तळाशी पांढरा घट्ट थर दिसेल, त्यावर मळकट-पिवळी बुळबुळीत साय. ती चमच्याने खरवडून टाका. खरी घाण तीच. मग नवं पाणी. पाणी नितळ आणि बेचव होईपर्यंत हे करत राहा, दोन-तीन दिवस लागतील. उन्हाळ्यात पाणी सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर पिठी आंबते. गरम पाणी कधीच नको : पिठी फुगते आणि तळाशी बसत नाही. शेवटी कापडावर पातळ पसरून कडकडीत वाळवा. पुढच्या वेळी कंद किसण्याआधी साल खरवडून काढा.

खिरीला कपभर दुधात एक टेबलस्पून पुरे. आधी गार दुधात कालवा, गरम दुधात थेट टाकली की गुठळ्या होतात. पोट बिघडल्यावर कपभर पाण्यात चमचाभर तवकीर शिजवून, चिमूटभर मीठ घालून पातळ पेज द्यावी. पचायला हलकी असते, पण जुलाबात मीठ-साखरेच्या पाण्याची, म्हणजे ओआरएसची जागा ती घेत नाही. शौचात रक्त किंवा ताप असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

बाळाला कडवट पिठी देऊ नका. नीट धुतलेली, शिजवलेली अधूनमधून चालेल. मात्र तो निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिनं आणि लोह नसल्यातच जमा. वरण-भात, भाज्या, डाळी बाजूला सारून रोज तीच खीर भरवणं बाळावर अन्याय आहे. मध तर वर्षाच्या आत मुळीच घालू नका.

दुकानात ‘तवकील’ म्हणून बरेचदा आरारूट मिळतं, ते वेगळ्या झाडाचं. आयोडीनने फरक कळत नाही, कारण दोन्ही स्टार्चच, म्हणून निळीच होतात.