गच्चीच्या कडेने फुलांचे वाफे

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर सहाव्या मजल्यावरील आमच्या सदनिकेला लागून २० फूट बाय १२ फुटांची गच्ची आहे. पूर्वेला घराची भिंत, उत्तर व दक्षिण या २० फुटी बाजूंना आणि पश्चिमेला साडेतीन फूट उंचीचा कठडा आहे. कठड्याला टेकून तिन्ही बाजूंनी दोन फूट रुंद व दीड फूट उंच असे विटांचे वाफे बांधून वर्षभर फुले मिळावीत अशी इच्छा आहे. गच्चीला कोबा (गळती रोखणारा सिमेंटचा थर) केलेला आहे. रचना कशी करावी?

उत्तर : पहिली अडचण वजनाची आहे. पावसाने पूर्ण भिजलेली बागेची माती घनफुटाला सुमारे ५० किलो भरते. म्हणजे तुमच्या मापांचे वाफे काठोकाठ भरल्यास, विटा सोडून, नुसत्या मातीचा भार सात टनांच्या घरात जातो. ये-जा असलेल्या सपाट छतासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला वापराचा (माणसे, सामान यांचा) भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४ किलो आहे, आणि दीड फूट ओल्या मातीखाली तोच ७५ किलो होतो. कडेचे बीम यातला काही भार पेलतात हे खरे, परंतु किती, ते इमारतीचे नकाशे पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगायचे असते. त्यांचा लेखी अभिप्राय आणि सोसायटीची परवानगी हाती आल्याखेरीज काहीही वर नेऊ नये.

विटांचे बांधकाम मी मुळातच सुचवणार नाही. ते कोब्यावर उभे राहिले की खालच्या घरात गळती सुरू झाल्यावर तिचे मूळ शोधण्यासाठी अख्खा वाफा फोडावा लागतो, आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ठाण्यात असा प्रसंग दुर्मीळ नाही. कठड्याला चिकटलेली माती भिंतीतही ओल उतरवते. त्याऐवजी जाड एचडीपीई (एक टिकाऊ प्लॅस्टिक) कापडाच्या लांबट पिशव्या स्टँडवर तीन-चार इंच उचलून, कठड्यापासून अर्धा फूट दूर ठेवाव्यात, म्हणजे खालून झाडू फिरेल आणि पावसाळी पाइपाकडे जाणारे पाणी तुंबणार नाही. मात्र दीड फुटांच्या कोणत्याही वाफ्यावर मूल चढले की त्याच्यासाठी कठडा दोनच फुटांचा उरतो. घरात मुले नसली तरी पाहुण्यांची येतातच, तेव्हा कठड्यावर रेलिंग लावून घ्यावे.

पिशव्यांत लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट समभाग मिसळावे. हे मिश्रण भिजल्यावरही मातीपेक्षा बरेच हलके राहते. हंगामी फुलांना नऊ इंच खोली पुरते. मोगरा, जास्वंद यांना दीड फूट लागते, म्हणून ती झाडे बीमवर येतील अशीच मांडावीत.

कोणत्या बाजूला काय लावायचे, हे हिवाळ्यातल्या उन्हावरून ठरवावे. डिसेंबरअखेरीस ठाण्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या कठड्याची सावली गच्चीच्या जमिनीवर तीन फुटांहून अधिक आत येते, आणि त्याला लागून असलेला वाफा ऐन शेवंतीच्या हंगामात सावलीत राहतो. दक्षिण बाजू उन्हाची, हा समज मोकळ्या अंगणात ठीक आहे; कठड्याच्या आत नेमके उलटे घडते. समोर उंच इमारत नसेल तर सर्वांत चांगले हिवाळी ऊन उत्तरेच्या कठड्यालगत मिळेल, आणि मुख्य वाफा तिथेच असावा : हिवाळ्यात शेवंती व झेंडू, मार्चपासून मोगरा, ज्याची छाटणी जानेवारीत उरकावी, आणि पावसाळ्यात तेरडा व पावसाळी लिली. पावसाळ्यात वारा आणि एप्रिलमध्ये दुपारचे ऊन या दोन्हींना पश्चिम बाजू तोंड देते, म्हणून तिथे बोगनवेल, तगर, जास्वंद अशी चिवट झुडपे जड बुडाच्या कुंड्यांत लावावीत. यांपैकी शेवटची दोन जवळजवळ बारमाही फुलतात. दक्षिणेला अबोलीच्या आणि नेच्यांच्या मोजक्या कुंड्या पुरेत, उरलेली जागा बसण्यासाठी मोकळी सोडावी. तिन्ही बाजू भरल्याच पाहिजेत असे नाही.

गच्चीवरचा दिवा शेवंतीवर रात्रभर पडत असेल तर त्याची दिशा बदलावी, कारण ही वनस्पती लांब, अखंड अंधाराच्या रात्री मिळाल्यावरच कळ्या धरते.